डोळा आणि कान यांच्यामधली चार बोटं: पाहणाऱ्याला वस्तुनिष्ठ सत्य कळतं का?

ध्रुवमत्स्य

ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत चार बोटांचं अंतर, असं आपण म्हणतो. खगोलशास्त्रात हे अंतर एकदा चक्क सेकंदांत मोजावं लागलं. माणसाच्या नजरेतून वस्तुनिष्ठ सत्य हाती लागतं का, या प्रश्नावर हवेत बोलण्यापेक्षा ते प्रकरण समोर ठेवून बोलू.

ग्रिनिच वेधशाळा, अठराव्या शतकाची अखेर. तारा याम्योत्तर (उत्तर-दक्षिण जाणारी, डोक्यावरची काल्पनिक रेषा) ओलांडतो तो क्षण नोंदवायचा. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभे तंतू ताणलेले. घड्याळाकडे बघून सेकंद मनात धरायचा, डोळा दुर्बिणीला लावायचा आणि कानाने लंबकाचे ठोके मोजत राहायचं. तंतूच्या आधीच्या ठोक्याला तारा कुठे होता आणि पुढच्या ठोक्याला कुठे पोचला, या दोन जागा लक्षात ठेवायच्या. त्यांच्यामधल्या अंतराचे मनातल्या मनात दहा भाग करायचे. १७व्या ठोक्याला तारा तंतूच्या ३ भाग अलीकडे असेल आणि १८व्याला ७ भाग पलीकडे, तर वेळ १७.३ सेकंद. हेच प्रत्येक तंतूवर करायचं आणि सरासरी काढायची.

नेव्हिल मॅस्केलाइन हे राजखगोलज्ञ, म्हणजे या वेधशाळेचे प्रमुख, डेव्हिड किनेब्रुक त्यांचा सहायक. ऑगस्ट १७९५मध्ये किनेब्रुकच्या वेळा मॅस्केलाइनपेक्षा अर्धा सेकंद उशिरा येत होत्या. सूचना देऊनही जानेवारी १७९६पर्यंत फरक ०.८ सेकंदावर गेला आणि त्याची नोकरी गेली. ०.८ सेकंदात आकाश १२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं. रेखांशाच्या हिशेबात विषुववृत्तावर ते सुमारे ३७० मीटर होतात, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी चूक नव्हतीच. फक्त ती निष्काळजीपणाची समजली गेली.

कोनिग्सबर्गच्या फ्रीडरिश बेसेल या खगोलज्ञाने पुढे हे प्रकरण वाचलं आणि कसलेल्या निरीक्षकांची एकमेकांशी तुलना केली. त्याच्यात आणि आर्गेलांडर या दुसऱ्या खगोलज्ञामध्ये एक सेकंदाहून जास्त फरक निघाला. दोघांच्याही कौशल्याबद्दल कुणाला शंका नव्हती. डोळ्याची खबर आणि कानाची खबर मनात एकत्र यायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. या फरकाला वैयक्तिक समीकरण हे नाव पडलं.

माझं म्हणणं असं: पाहणारा वजा करून पाहणं शक्य नाही, पण पाहणाऱ्याची चूक मोजून वजा करता येते. तेवढ्यावर वस्तुनिष्ठ ज्ञान उभं राहतं.

साशंक

मोजली कशावरून? बेसेल आणि आर्गेलांडर यांच्यात एक सेकंदाचा फरक होता, ठीक. त्यातला बरोबर कोण? मागे पडणाऱ्या दोन घड्याळांमधला फरक कितीही बिनचूक मोजला तरी खरी वेळ कळत नाही. "मी तुझ्यापेक्षा उशिरा पाहतो" एवढंच कळतं. शिवाय हे समीकरण स्थिर नव्हतं. त्याच दोन माणसांमधला फरक वर्षागणिक बदलत गेला. ताऱ्याची तेजस्विता, त्याचा वेग, माणसाचा थकवा, सगळ्यांनी तो हलतो. मग वजा करायचं तरी काय?

ध्रुवमत्स्य

आक्षेप योग्य आहे आणि तेव्हाच्या लोकांनाही तो छळत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर कृत्रिम ताऱ्याचा उपाय निघाला. पत्र्याला बारीक भोक, मागे दिवा, आणि हा प्रकाशबिंदू तंतूंसमोरून सरकवणारी यंत्रचलित गाडी. बिंदू तंतूवर आला की विजेचा संपर्क होऊन फिरत्या पिंपावर खूण उमटते. निरीक्षक आपल्याला दिसलं त्या क्षणी कळ दाबतो, ती खूण त्याच पिंपावर. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्या माणसाची उशीर-घाई. इथे तुलना दुसऱ्या माणसाशी नाही, प्रत्यक्ष घटनेशी आहे. बिंदूचा वेग आणि तेज बदलून चूक कशी हलते तेही पाहता येतं.

त्यापुढची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. रेप्सोल्डच्या सूक्ष्ममापकात "तारा तंतूवर कधी आला" हा प्रश्नच माणसाला विचारत नाहीत. सरकता तंतू ताऱ्यावर सतत धरून ठेवायचा, एवढंच काम. तंतू हलवणाऱ्या स्क्रूवरचे संपर्क वेळा आपोआप नोंदवतात. माणसांमधले फरक त्यामुळे सेकंदाच्या काही शतांशांवर आले. डोळा तोच होता. त्याला जे नीट जमतं तेवढंच त्याच्याकडे मागितलं.

हेत्वाभास

हा वाद आपल्याकडे फार बारकाईने झालेला आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, परतःप्रामाण्यवादी. ज्ञान झालं म्हणजे ते खरंच आहे असं नाही, त्याचं खरेपण दुसऱ्या कशावरून तरी ठरवावं लागतं. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, तर ते ज्ञान प्रमाण. वाळूच लागली तर मृगजळ. मीमांसा दर्शनाचे पंडित, मीमांसक, विचारतात की तहान भागल्याचं ज्ञान खरं कशावरून? त्यासाठी तिसरं ज्ञान, मग चौथं. ही अनवस्था, कधीच न संपणारी साखळी. साशंक यांचा आक्षेप याच घराण्यातला आहे.

नैयायिकाचं उत्तर मला अजून पटतं. शंका घ्यायलाही कारण लागतं. अनुमानाच्या संदर्भात न्यायदर्शनाचे उदयनाचार्य म्हणतात, "व्याघातावधिराशङ्का". शंका तुमच्या स्वतःच्या वागण्याला छेद देऊ लागली की तिथे तिची हद्द संपते. पिंपावरच्या खुणा पट्टीने मोजणारा माणूस पट्टीवर संशय घेऊ शकतो, पण मग पट्टी दुसऱ्या पट्टीशी ताडून बघायला त्याची ना नसावी. बघायला नको आणि संशय मात्र हवा, ही भूमिका टिकत नाही.

दुसरी गोष्ट दोषांची. सांख्यकारिकेची सातवी कारिका असलेली वस्तू का दिसत नाही याची आठ कारणं देते: अतिदूरात्, सामीप्यात्, इन्द्रियघातात्, मनोऽनवस्थानात्, सौक्ष्म्यात्, व्यवधानात्, अभिभवात्, समानाभिहारात्. ही यादी निरीक्षकाच्या टेबलावर लावून ठेवावी अशी आहे. अभिभव म्हणजे बलवान तेजाने दुबळं झाकलं जाणं, दिवसा तारे न दिसण्यासारखं. समानाभिहार म्हणजे सारख्यात सारखं मिसळणं. अन् मनोऽनवस्थान, मन ठिकाणावर नसणं! किनेब्रुकवर नेमका हाच आरोप झाला. खरा दोष डोळा आणि कान यांच्या जोडणीत होता, आणि त्यासाठी या यादीत वेगळा रकाना नाही.

साशंक

हेत्वाभास, तहान भागण्याची कसोटी एकट्यापुरती ठीक आहे. पण अनेकांनी मिळून तीच चूक केली तर? मंगळाचे कालवे घ्या. १८७७मध्ये मिलानहून स्किआपारेल्ली या खगोलज्ञाने मंगळावर रेषा नोंदवल्या, पुढे लोवेलने फ्लॅगस्टाफला त्यांचं जाळंच रेखाटलं. त्या रेषा एकट्यादुकट्याला दिसल्या असं नाही, नावाजलेल्या कितीतरी निरीक्षकांना दिसल्या. १९०३मध्ये फ्रान्समधल्या नान्सीला ब्लाँडलो या भौतिकशास्त्रज्ञाने एन-किरण नावाचे नवे किरण जाहीर केले आणि दुसऱ्या प्रयोगशाळांतूनही "आम्हालाही दिसले" अशी ग्वाही आली. दोन्ही गोष्टी अस्तित्वातच नव्हत्या. पंचांचं एकमत म्हणजे सत्य नव्हे.

मृगशीर्ष

नव्हेच. पण या दोन्ही चुका उघड कशा झाल्या ते पाहिलं तर साशंक यांचंच उदाहरण उलट बाजूने बोलतं.

एन-किरणांचा पुरावा म्हणजे अंधाऱ्या खोलीत क्षीण ठिणगी किंवा स्फुरदीप्त पडदा किंचित उजळल्यासारखा वाटणं. वाटणं की दिसणं हे ठरू नये अशा उंबरठ्यावरचं काम. १९०४मध्ये रॉबर्ट वुड हा भौतिकशास्त्रज्ञ तिथे गेला आणि अंधारात त्याने उपकरणातला ॲल्युमिनियमचा लोलक गुपचूप काढून घेतला. निरीक्षक पूर्वीसारखेच आकडे सांगत राहिला. लोलकाशिवाय किरण वळायलाच नकोत, तरी वळलेले "दिसत" होते. संपलं.

कालव्यांबाबत माँडर आणि इव्हान्स यांनी १९०३मध्ये ग्रिनिचच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला. मंगळासारखी तबकडी काढली. तिच्यावर ठिपके आणि वेडेवाकडे डाग, पण एकही कालवा नाही. वेगवेगळ्या अंतरांवर बसलेल्या मुलांना दिसेल तसं उतरवायला सांगितलं. पुढच्यांना डाग सुटे दिसले. लांबच्यांना बारीक काही दिसलंच नाही. मधल्या अंतरावरच्या मुलांनी सरळ रेषा काढल्या. डोळ्याच्या पृथक्करणक्षमतेच्या (जवळचे बिंदू वेगळे ओळखण्याच्या) सीमेवर सुटे ठिपके जोडले जातात, हा दृष्टीचा नियमच आहे. मग १९०९मध्ये अंतोनियादी या खगोलज्ञाने म्यूदों वेधशाळेच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला, तेव्हा स्थिर हवेच्या क्षणांत रेषांच्या जागी अनियमित ठिपके उलगडले.

चूक डोळ्याने केली आणि पकडलीही डोळ्यानेच. साक्षीदार स्वतंत्र नसतील तर शंभर जणांची साक्ष एकाच माणसाची धरावी, एवढं मात्र त्यातून शिकायचं.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. ती कुणालाही उपकरणाशिवाय करता येते. वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा हा रूपविकारी (तेज बदलणारा) तारा ३.५ ते ४.४ प्रतींच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) दरम्यान बदलतो, आवर्तन सुमारे ५ दिवस ९ तासांचं. महाराष्ट्रातून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला दिसतो, मात्र गावाबाहेरचं आकाश हवं. त्याच्या शेजारीच झीटा (३.४) आणि एप्सिलॉन (४.२) हे तुलनेचे तारे आहेत.

अंधारात २० ते ३० मिनिटं डोळे स्थिरावू द्यावेत. मोबाइल पाहिला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. आधी झीटा आणि एप्सिलॉन यांच्यातला फरक डोळ्यात बसवावा, मग डेल्टा त्या दोघांमध्ये कुठे बसतो ते ठरवावं. झीटापासून २ भाग आणि एप्सिलॉनपासून ३ भाग वाटला तर अंतराचे एकूण ५ भाग झाले. प्रतींमधला फरक ०.८, म्हणून ३.४ + (२/५ × ०.८) = ३.७२, लिहायचं ३.७. सोबत वेळ मिनिटापर्यंत, वापरलेले तुलना-तारे आणि आकाशाची स्थिती.

बिघडतं कुठे? एकाच ताऱ्याकडे टक लावून पाहिलं तर लालसर तारा हळूहळू जास्त तेजस्वी वाटू लागतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात, शंकुपेशी ५५५च्या आसपास. दोघींना लाल आणि निळं सारखं दिसत नाही. म्हणून झरझर नजर फिरवायची, रोखून पाहायचं नाही. दुसरं, दोन तारे एकावर एक असले की तेजाचा अंदाज चुकतो, तेव्हा मान तिरकी करून त्यांना जोडणारी रेषा डोळ्यांच्या रेषेला समांतर आणावी. तिसरं, तारे क्षितिजाजवळ असतील तर हवा दोघांचं तेज वेगवेगळं खाते, म्हणून साधारण सारख्या उंचीचे तुलना-तारे घ्यावेत.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे कालचा आकडा पाहून आजचा लिहिणं. आज तारा चढणीवर आहे हे माहीत असलं की तो चढलेलाच दिसतो. वही उलटी ठेवा.

३०-४० नोंदी झाल्या की प्रत्येकीच्या वेळेतून पूर्ण आवर्तनं वजा करा (भाजक ५.३६६ दिवस) आणि उरलेल्या काळावर सगळे बिंदू एकाच आलेखात मांडा. झपाट्याने चढ आणि सावकाश उतार असा वक्र उमटतो. तो तुमच्या मनात आधी नव्हता, आणि वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचाही तोच येतो.

ध्रुवमत्स्य

याला जोडून एक. डेल्टाचं बदलणं १७८४मध्ये जॉन गुडरिकने शोधलं. त्याआधी ययाती तारकासमूहातल्या अल्गोलचं (एक तारा दुसऱ्याला ठरावीक काळाने झाकतो, म्हणजे ग्रहण लावतो, अशी ही जोडी) आवर्तन त्याने नुसत्या डोळ्यांनी २ दिवस २० तास ४५ मिनिटं काढलं होतं. आजचा आकडा २ दिवस २० तास ४९ मिनिटं. गुडरिक बहिरा होता, म्हणजे ठोके ऐकून वेध घेणं त्याला शक्यच नव्हतं, आणि तरीही हे काम त्याने केलं. २१ वर्षांचं आयुष्य.

एकेका ग्रहणाचा मध्य डोळ्याने १५ मिनिटांच्या आतबाहेरच सांगता येतो. पण दोन ग्रहणांमध्ये १०० आवर्तनं, म्हणजे जवळपास २८७ दिवस गेले असतील, तर ती चूक १००ने भागली जाते आणि आवर्तनातली अनिश्चितता काही सेकंदांवर येते. एका नजरेला जे कधीच दिसू शकत नाही ते नोंदींच्या रांगेतून कळतं. माझ्या दृष्टीने मूळ प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर हेच आहे.

साशंक

हे उत्तर मानतो, पण अर्धंच. १६ जणांची सरासरी काढली तर यादृच्छिक चूक चौथ्या हिश्श्यावर येते, ०.२ची ०.०५ होते. पण सगळ्यांच्या तक्त्यात एकाच तुलना-ताऱ्याची प्रत ०.३ने चुकीची छापली असेल तर १६०० जण घेतले तरी ती चूक तसूभरही हलणार नाही. आणि आकडे फार गुण्यागोविंदाने जुळतील! तेव्हाच माणूस सर्वांत निर्धास्त असतो. माझी भीती ही आहे.

कपबशी

साशंक यांची भीती रास्त आहे, आणि चवीच्या क्षेत्रात ती रोजची आहे. चव हे तर सर्वांत व्यक्तिनिष्ठ संवेदन. तरी "या दोन चहांत फरक आहे का" हा प्रश्न वस्तुनिष्ठपणे सोडवता येतो. त्रिकोण-चाचणी म्हणतात तिला.

प्रत्येकाला तीन कप द्यायचे. दोन एकाच चहाचे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं, आवडला की नाही हे विचारायचंच नाही. मांडणीचे सहा क्रम होतात (कखख, खकख, खखक आणि त्यांचे उलटे). सहाही सारख्या वेळा यायला हवेत. कपांवर तीन आकडी यादृच्छिक क्रमांक घालायचे. "१" किंवा "अ" लिहिलं की लोक त्यालाच झुकतं माप देतात. रंगावरून ओळख पटू नये म्हणून लाल दिवा लावायचा. तिन्ही कप एकाच तापमानाचे ठेवायचे, नाहीतर शेवटचा कप गार होतो आणि "वेगळा" ठरतो, ही नेहमीची फजिती. दोन कपांच्या मध्ये कोमट पाण्याने चूळ. कप देणाऱ्यालाही उत्तर माहीत नको, नाहीतर चेहऱ्यावरून कळतं.

नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर सांगणारच. २४ जणांत ८. म्हणून २४पैकी निदान १३ जणांनी बरोबर ओळखलं तरच, ५ टक्के चुकीची जोखीम धरून, फरक आहे असं म्हणायचं. १२ आले तर म्हणता येत नाही, कितीही मनात असलं तरी.

आणि दोन माणसांना एकच पदार्थ वेगळा लागतो तेव्हा काय? फिनिलथायोकार्बमाइड लावलेला कागद जिभेवर ठेवला तर काहींना तो कडूजहर लागतो, काहींना नुसता कागद. १९३१मध्ये आर्थर फॉक्सने हे मांडलं. यात खोटं कुणीच बोलत नाही. पुढे याचा संबंध मुख्यतः टीएएस२आर३८ या जनुकाच्या प्रकारांशी जोडला गेला. "हा कागद कडू आहे" हे वाक्य अपुरं होतं. "अमुक प्रकारच्या ग्राहीला (जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या घटकाला) हा पदार्थ कडू लागतो" हे वाक्य पुरं आहे, आणि ते कडू न लागणाऱ्यालाही तपासता येतं. चवीतला मतभेद मिटला नाही, पण मतभेदाचं कारण सर्वांना सारखंच कळलं.

साशंक

हे सुरेख आहे. तरी एक कोपरा उरतो, तो नोंदवून ठेवतो. ज्याला ते कडू लागत नाही त्याला जनुक कळेल, ग्राही कळेल, पण तो कडवटपणा कसा असतो हे कळणार नाही. तिथे आकडा पोचत नाही.

हेत्वाभास

मान्य. बौद्धांचा दिङ्नाग प्रत्यक्षाला "कल्पनापोढ" म्हणतो, नाव आणि जातीची कल्पना चिकटण्याआधीचं. तुमचा कोपरा तोच. त्यापुढे धर्मकीर्तीला "अभ्रान्त" हा शब्द जोडावा लागला, कारण कल्पना नसूनही पाहणं चुकू शकतं: वेगाने फिरणारं कोलीत वर्तुळ दिसतं. तो कोपरा बोलता येत नाही म्हणून खोटा ठरत नाही, पण वाद ज्या गोष्टींवर होतात त्या त्याच्या बाहेरच्या आहेत.

नवखा_निरीक्षक

मृगशीर्ष, एक व्यवहारी प्रश्न. एखाद्याचा आकडा इतरांपेक्षा कायम ०.३ने मंद येत असेल, तर त्याने स्वतःच तेवढी दुरुस्ती करून लिहावं का?

मृगशीर्ष

अजिबात नाही. दिसलं तसंच लिहायचं. कायमचा ०.३ हा फरक निरुपद्रवी आहे, कारण नंतर हिशेब करणारा तो एका ओळीत वजा करू शकतो. पण तुम्ही कधी दुरुस्ती केली, कधी विसरलात, कधी ०.२च केली, तर त्या नोंदींमधून तुमची चूक कुणालाच वेगळी काढता येणार नाही, तुम्हालाही नाही. साशंक म्हणतात तसा तक्त्यातच दोष असेल तरी उपाय हाच. झीटा आणि एप्सिलॉनची नावं आणि "२ भाग, ३ भाग" हे मूळ अंदाज वहीत असतील, तर एप्सिलॉनची सुधारलेली प्रत दहा वर्षांनी हाती आल्यावरही सगळ्या जुन्या नोंदी नव्याने मांडता येतात. नुसता ३.७ लिहिलेला असेल तर काही करता येत नाही.

आणि लिहिताना आकडा चुकलाच तर खोडरबर वापरू नका. एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.